पाणी कुठल्या अंगाला चाललंय?

फेब्रुवारीतली रात्र होती, सव्वानऊचा सुमार. ऑफिसातून उशिरा निघाले होते आणि लंडनमधल्या टेम्स नदीवरच्या ब्लॅकफ्रायर्स पुलावरून स्टेशनाकडे चालत होते. वारा असा बोचरा की मान खाली घालूनच चालावं. पुलाच्या मध्यावर कठड्यापाशी जरा थांबले आणि खाली पाण्यात काहीतरी काळं दिसलं. लांबट. एक टोक पाण्याबाहेर, बाकीचं पाण्यात. दिव्याच्या उजेडात ते हातासारखं हलल्यागत वाटलं.

मी ९९९ हा इथला आणीबाणीचा क्रमांक लावला. कुठली सेवा हवी, असं विचारल्यावर तोंडून एवढंच आलं, ‘नदीत माणूस आहे.’ क्षणात फोन कोस्टगार्डला जोडला गेला. शहराच्या मधोमध, समुद्रापासून इतक्या आत, कोस्टगार्ड कशाला, हा विचार मनात आला आणि तिथेच राहिला, कारण पलीकडचा माणूस बोलायला लागला होता. त्याचा आवाज शांत होता आणि प्रश्न आखूड.

‘तुम्ही कुठे आहात?’

‘ब्लॅकफ्रायर्स पुलावर.’

‘रस्त्याच्या पुलावर की रेल्वेच्या?’

तिथे दोन पूल शेजारी-शेजारी आहेत. मधे जुन्या रेल्वेपुलाचे लाल खांब अजून पाण्यात उभे आहेत, वरचा पूल १९८५ मध्ये काढून टाकला तरी. मी अकरा वर्षं या पुलावरून जात होते, पण त्या जागेला दोन नावं लागतात हे मला कधी जाणवलं नव्हतं.

‘रस्त्याच्या. वॉटर्लू पुलाकडे तोंड करून उभी आहे.’

‘ते कुठल्या दिशेला चाललंय?’

‘समुद्राकडे. टॉवर ब्रिजच्या बाजूला.’ नदी समुद्राकडेच जाणार. मी विचारही केला नाही.

तो थांबला नाही, रागावलाही नाही. प्रश्न फक्त बदलून विचारला. ‘ते तुमच्याकडे येतंय, की तुमच्यापासून लांब जातंय?’

मी पाहिलं. ते लांब जात होतं. वॉटर्लूकडे, म्हणजे नदीच्या वरच्या अंगाला, समुद्राकडे पाठ करून.

‘म्हणजे पाणी चढतंय. आता त्याच्यावरून नजर हलवू नका. हाताने तिकडे दाखवत राहा. बोट निघाली आहे.’

बोट वॉटर्लूकडूनच आली. वॉटर्लू पुलाखाली तरंगत्या धक्क्यावर लाईफबोटचं ठाणं आहे, हेही मला तेव्हा माहीत नव्हतं. नारिंगी बोट पाणी कापत थेट माझ्या हाताच्या रोखाने येत होती आणि मी हात खाली घेतला नाही. दोनदा सर्चलाईट फिरला. मग त्यांनी ते पकडलं. जाड, जुना लाकडी ओंडका होता आणि त्याला काळं प्लास्टिक गुंडाळलेलं होतं.

मला रडू आलं, सुटल्याचं आणि लाजेचं. फोनवरचा माणूस म्हणाला, ‘तुम्ही फोन केलात हे बरोबर केलंत. पुन्हा असं काही दिसलं तर पुन्हा करा.’ त्यांच्या नोंदीत अशा प्रसंगाला वेगळं नाव आहे. चांगल्या हेतूने दिलेली चुकीची सूचना, असा त्याचा अर्थ. खोडसाळ फोनांपासून ती वेगळी ठेवतात. त्या नोंदवहीबद्दल मला फार आदर वाटतो. माणसाने शंका आली तरी हाक मारावी, म्हणून तिथे त्याच्यासाठी आधीच जागा करून ठेवलेली आहे.

पण लाज ओंडक्याची नव्हती. पाणी कुठल्या अंगाला चाललंय, हे मला सांगता आलं नव्हतं, त्याची होती. मी खाडीवरची. दाभोळच्या खाडीत माझ्या आजोबांची ‘तर’ होती, माणसांना पैलतीरी नेणारी होडी.

आबांच्या तरीला वेळापत्रक नव्हतं. पलीकडच्या काठावर माणूस आला की तो तोंडाला हात लावून हाक घालायचा. हाक पाण्यावरून यायची, तिचे शब्द कधीच कळायचे नाहीत. आबा शब्द ऐकतच नसत. हाक कुठून आली ते ऐकत. ‘वडापाशी आहे’, नाहीतर ‘खडकावर आहे, तिथे चिखल असेल’, असं स्वतःशीच म्हणत आणि वल्हं उचलत. मग निघताना होडीचं नाक त्या माणसाकडे कधीच नसे. पाणी भरत असेल तर त्याच्या खालच्या अंगाला, ओसरत असेल तर वरच्या अंगाला. लहानपणी मला वाटायचं, आबा चुकीच्या जागी चाललेत. आणि होडी लागायची ती बरोबर त्या माणसाच्या पायाशी.

भरतीची वेळ ते तिथीवरून काढत. तिथीची पाऊणपट करायची, येतील तितके वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास, आणि तेव्हा उधाण. अष्टमीच्या आगेमागे भांगाची भरती, पाण्याला जोर कमी. कोकणातल्या किती घरांत हा हिशेब अजून तोंडपाठ असेल! माझ्याही होता. मी तो लंडनला येताना कुठेतरी ठेवून आले होते.

त्या रात्री घरी आल्यावर स्वयंपाकघरातलं कालनिर्णय पाहिलं. त्रयोदशी. तेराची पाऊणपट पावणेदहा. मग भरतीचं वेळापत्रक शोधलं: लंडन ब्रिजची पूर्ण भरती त्या रात्री पावणेबाराच्या आसपास होती. नेमके दोन तास जास्त. पुढचे कित्येक दिवस मी हे ताडून पाहिलं. वेळ थोडी इकडेतिकडे होते, पण आबांच्या आकड्यात दोन तास मिळवले की टेम्सची भरती हाती येते. उन्हाळ्यात इथली घड्याळं एक तास पुढे असतात, तेव्हा तीन मिळवायचे. चंद्र तोच आहे, फक्त त्याच्या ओढीचं पाणी प्रत्येक किनाऱ्याला आपापल्या वेळेने पोचतं. मला त्या दिवशी आबांची फार आठवण आली.

टेम्सला आपण नदी म्हणतो, पण शहरातली टेम्स ही खाडीच आहे. टेडिंग्टनच्या बंधाऱ्यापर्यंत भरती चढते. तिथून समुद्रापर्यंत सुमारे दीडशे किलोमीटर. लंडन ब्रिजपाशी उधाणाला पाणी सात मीटरपर्यंत खालीवर होतं. दोन मजली घराएवढं. दिवसातून दोनदा नदी वळते, उलटी वाहते, पुन्हा वळते. त्यात एकोणिसाव्या शतकात काठाने उंच दगडी भिंती बांधून नदीचं पात्र अरुंद केलं. व्हिक्टोरिया एम्बँकमेंट १८७० मध्ये खुली झाली, ती या कामातली सगळ्यांच्या डोळ्यांसमोरची. शहराला रस्ता मिळाला आणि सांडपाण्याच्या मोठ्या नळाला जागा मिळाली. पाण्याला मात्र जागा कमी झाली, आणि जागा कमी झाली की पाणी धावतं. भिंती सरळ उभ्या, शेवाळलेल्या. पडलेल्या माणसाला धरायला साखळ्या आणि शिड्या आहेत, पण त्या सापडायला हव्यात.

पाण्याचा वेग तीन नॉट, म्हणजे ताशी सुमारे साडेपाच किलोमीटर, धरला तर दहा मिनिटांत नऊशे मीटर. ब्लॅकफ्रायर्सपासून वॉटर्लू पूल जवळपास तेवढाच आहे. म्हणजे मी दहा मिनिटं कुणाला विचारावं या विचारात घालवली असती, तर ‘ब्लॅकफ्रायर्स पुलापाशी’ हे उत्तर खोटं ठरलं असतं. आणि मी आधी सांगितलेली चुकीची दिशाच कायम राहिली असती तर बोट उलट्या अंगाला धावली असती आणि माणूस व बोट यांच्यातलं अंतर दर मिनिटाला वाढत गेलं असतं. जमिनीवर अपघाताची जागा जागच्या जागी असते. भरतीच्या नदीवर जागेलाही वेग आणि दिशा असते, आणि ती सांगू शकणारा बहुतेक वेळा एकच माणूस असतो: काठावर उभा राहून पाहणारा.

हे सगळं कोण सांभाळतं, म्हणून मी विचारत, वाचत गेले. बोटीवरचा रेडिओ वापरण्याच्या परवान्याचा छोटा अभ्यासक्रमही केला. आणि प्रत्येक वेळी एका रात्रीपाशी येऊन थांबले.

२० ऑगस्ट १९८९, पहाटे पावणेदोन. ‘मार्शनेस’ नावाच्या छोट्या सफरीच्या बोटीवर वाढदिवसाची मेजवानी चालली होती. सुमारे १३० माणसं, बहुतेक तरुण. सदर्क पूल आणि कॅनन स्ट्रीट रेल्वेपूल यांच्यामधे मागून आलेल्या ‘बोबेल’ या रेती काढणाऱ्या मोठ्या जहाजाने तिला धडक दिली. बोट काही क्षणांत पाण्याखाली गेली. ५१ माणसं गेली. शहराच्या मध्यभागी, दोन्ही काठांवर दिवे जळत असताना. वाचले त्यांतल्या पुष्कळांना जवळून जाणाऱ्या ‘हर्लिंगहॅम’ या दुसऱ्या सफरीच्या बोटीने पाण्यातून वर घेतलं.

सदर्क कॅथीड्रलमध्ये जमिनीत त्यांचा स्मृतिलेख आहे. मी पाहायला गेले तेव्हा एक बाई त्यावर पाय पडू नये म्हणून वळसा घालून गेल्या. मीही तसंच केलं.

दोन्ही जहाजांवर नीट पहारा नव्हता, हे कारण पुढे आलं. पण मृतांच्या घरच्यांना आणखी उत्तरं हवी होती आणि त्यासाठी त्यांना दहा वर्षांहून अधिक काळ झगडावं लागलं. न्यायमूर्ती क्लार्क यांची टेम्सच्या सुरक्षिततेची चौकशी झाली ती २००० च्या सुमारास. तोवर या नदीवर बचावाचं काम मुख्यतः नदीपोलिसांकडे होतं. वॉपिंगचं त्यांचं ठाणं १७९८ पासूनचं, माणसं नदीची पुरी जाणकार. पण खास बचावासाठी सज्ज असलेल्या बोटी नदीवर नव्हत्या, आणि शोध-बचावाची सगळी सूत्रं एका हातात घेणारं, तेच काम असलेलं केंद्र नव्हतं. चौकशीनंतर ही जबाबदारी कोस्टगार्डकडे आली, आणि २ जानेवारी २००२ पासून टेम्सवर लाईफबोटी उभ्या राहिल्या: टेडिंग्टन, चिझिक, टॉवर आणि ग्रेव्हझेंड. चालवणारी संस्था रॉयल नॅशनल लाईफबोट इन्स्टिट्यूशन, १८२४ पासून लोकांच्या देणग्यांवर चाललेली, आणि तोवर समुद्रकिनाऱ्यांची. तिने नदीवर ठाणी प्रथमच उघडली. टॉवरचं ठाणं नंतर वॉटर्लू पुलाखाली आलं, नाव टॉवरच राहिलं. आज देशातलं सर्वांत जास्त बोलावणी येणारं ठाणं ते आहे. क्रू चोवीस तास धक्क्यावरच असतो. हाक आल्यापासून दीड मिनिटात बोट सुटावी, टेडिंग्टनपासून कॅन्व्ही बेटापर्यंत कुठेही पंधरा मिनिटांत पोचावी, असा त्यांचा नेम. बोटीला पंखा नाही, पाण्याच्या झोताने ती चाळीस नॉटपर्यंत धावते. पंखा नसल्याने पाण्यातल्या माणसाच्या अगदी अंगाशी जाता येतं.

बोट सगळ्यांना दिसते. मला मात्र जिथे फोन घेतला जातो त्या खोलीतल्या माणसाविषयी सांगायचं आहे, जो कुणालाच दिसत नाही.

ही व्यवस्था सुरू झाली तेव्हा ती खोली वुलिचला, टेम्सच्या पूररोधक दारांजवळ होती. बंदराचं जहाज-वाहतूक नियंत्रण आणि कोस्टगार्ड एका छपराखाली. हे शेजारपण मला फार शहाणपणाचं वाटतं. नदीवर त्या क्षणी कोण कुठे आहे हे वाहतूकवाल्यांना ठाऊक असतं. कुठला टग कचऱ्याचे कंटेनर ओढत खाली निघालाय, कुठली प्रवासी बोट कुठल्या धक्क्यावरून सुटते आहे. शहरातल्या पट्ट्यात ही सगळी जहाजं रेडिओवर चॅनेल १४ ऐकत असतात. पाण्यात माणूस आहे म्हटल्यावर एक घोषणा पुरते: वेग कमी करा, लाटा उठवू नका, पाण्यावर नजर ठेवा. कितीदा तरी माणूस सापडतो तो जवळच्या साध्या प्रवासी बोटीलाच.

फोन घेणाऱ्याच्या समोर तेव्हा एकाच वेळी बरंच काही असतं. कानात घाबरलेला माणूस. दुसऱ्या कानात लाईफबोट. नकाशावर शेवटचं खात्रीचं ठिकाण, आणि त्यापुढे पाण्याने माणसाला आतापर्यंत कुठे नेलं असेल याचा अंदाज. पोलिसांची बोट कुठल्या पुलापासून शोधत येईल, लॅम्बेथहून अग्निशमन दलाची बोट हवी का, हेलिकॉप्टर मागवायचं का. आणि एक गोष्ट जी मला ऐकेपर्यंत सुचली नव्हती: अँब्युलन्स कुठल्या धक्क्यावर थांबवायची. माणूस जिथे पडला तिथल्या धक्क्यावर ती उभी राहिली तर उपयोग नाही, कारण तो तिथे सापडणार नाही. ती त्याच्या पुढे, पाणी जाईल त्या अंगाला पाठवावी लागते. मी हे ऐकलं आणि मला आबांच्या होडीचं नाक आठवलं.

बरीचशी बोलावणी अपघाताची नसतात. जगणं असह्य झालेलं कुणीतरी पुलावर उभं असतं. अशा वेळी वर पोलीस किंवा एखादा वाटसरूच बोलत असतो, आणि खाली बोट आधीच येऊन पाण्याच्या उतरत्या अंगाला थांबलेली असते. ज्याच्यासाठी ती थांबली आहे त्याला ती दिसतेच असं नाही. वरचं बोलणं कामी आलं तर बोट तशीच परत जाते. त्या परत जाण्याची बातमी होत नाही. मला वाटतं, या शहरात रोज रात्री घडणाऱ्या मायेच्या गोष्टींत ही फार मोठी आहे.

रेडिओच्या अभ्यासक्रमात संकटाची हाक पाठ करून घेतात. ‘मेडे’ तीनदा. हा शब्द १९२० च्या दशकात क्रॉयडनच्या विमानतळावरच्या एका रेडिओ अधिकाऱ्याने सुचवला. पॅरिसला जा-ये खूप, म्हणून ‘मला मदत करा’ अशा अर्थाच्या फ्रेंच शब्दांसारखा ऐकू येणारा. त्यानंतर बोटीचं नाव. त्यानंतर ठिकाण. आणि काय झालंय, हे त्याच्यानंतर. शिकवणाऱ्या बाई हा क्रम चुकला की थांबवायच्या. ‘आवाज आता तुटला समजा. मला काय कळलं?’ आमच्यातला एकजण इंजिन कसं बंद पडलं, धूर कसा आला, हे सांगत राहिला आणि त्यांनी त्याला मधेच तोडलं. त्या खोलीत बसलेल्या कुणालाच त्याची बोट कुठे आहे ते माहीत नव्हतं. माझंही तसंच होतं. आपल्याकडे गोष्ट सुरुवातीपासून सांगायची सवय. आई फोनवर ‘अगं, काय सांगू’ने सुरू करते. संकटात ‘कुठे’ हे ‘काय’च्या आधी यायला हवं, कारण ‘कुठे’ कळलं तर ‘काय’ ते येऊन बघतील.

आणि हाकच नसेल तर? १७ जुलै १९४७. गटारी अमावास्या. ‘रामदास’ बोट सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि काशाच्या खडकाजवळ वादळी लाटांत उलटली. सहाशेहून अधिक माणसं बुडाली, मुंबई दिसत असताना. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती. पोहत, तरंगत काठाला लागलेल्यांनी सांगेपर्यंत शहराला पत्ताच नव्हता, तासामागून तास गेले. रेवसच्या कोळ्यांनी आपल्या होड्या घातल्या आणि जमतील तेवढे जीव वर काढले. आजी ‘रामदास’चं नाव काढताना आवाज खाली आणायची. लहानपणी मला ती फक्त बोट बुडाल्याची गोष्ट वाटे. आता मला त्यातले ते तास दिसतात.

आज आपल्या किनाऱ्यावर तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक आहे, मुंबईत त्यांचं शोध-बचाव समन्वय केंद्र आहे. मी गावी गेले की भावकीतल्या प्रत्येक पोराच्या मोबाइलमध्ये तो घालते. इथे लंडनमध्ये राहणाऱ्या आपल्या माणसांनाही सांगते, नदीत कुणी दिसलं तर ९९९ ला फोन करून ‘कोस्टगार्ड’ म्हणा. स्वतः उडी घेऊ नका. गार पाण्याचा पहिला धक्का पट्टीच्या पोहणाऱ्याचाही श्वास तोडतो. पाण्यातल्याला ओरडून सांगा, हातपाय मारू नको, उताणा तरंग. मिनिट-दीड मिनिटात तो धक्का ओसरतो, श्वास हाती येतो. पुलाच्या कठड्यापाशी किंवा काठावर लाल-पांढरं कडं टांगलेलं असेल तर ते फेका. आणि नजर हलवू नका.

माझी लेक नऊ वर्षांची आहे. शनिवारी आम्ही नदीकाठाने तिच्या वर्गाला जातो. त्या रात्रीनंतर मी तिला सवयच लावली आहे, कुठलाही पूल आला की थांबून विचारायचं. ती कठड्याच्या जाळीतून खाली पाहते, एखादी काटकी, फेस, पीस शोधते आणि सांगते: आत चाललंय. बाहेर चाललंय. पुलाचं नाव ती न विचारता सांगते. कुठल्या अंगाला उभे आहोत तेही.

मागच्या शनिवारी मिलेनियम पुलावर मी विचारलं तेव्हा ती बराच वेळ बोलली नाही. खाली एक पांढरं पीस होतं. ते होतं तिथेच होतं.

‘आई, कुठेच नाही,’ ती म्हणाली. ‘थांबलंय.’

मी कठड्यावरून वाकून पाहिलं. खरंच पाणी उभं होतं. आम्ही दोघी ते पीस हलायची वाट बघत राहिलो, आणि वर्गाला उशीर झाला.